कोळसा उतरतो, लाईट बिल का उतरत नाही?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी लावलेला कूलर पहाटेपर्यंत चालतो आणि जूनमध्ये बिल हातात पडलं की ओट्याओट्यावर एकच विषय असतो: "इतलं बिल कसं काय उनं, भो?" त्याच आठवड्यात पेपरात कुठेतरी बातमी असते की जागतिक बाजारात कोळसा घसरला, कच्चं तेल घसरलं, सौर वीज तर कधी नव्हती इतकी स्वस्त झाली. मग माणूस विचारणारच, ही घसरण मधल्या मधे कुणी गिळली?

थोडी गिळली जातेही. पण खरं कारण त्याहून रुक्ष आहे. आपल्या बिलातला बहुतेक पैसा आजच्या कोळशाच्या भावावर ठरतच नाही. तो पाच, दहा, कधी वीस वर्षांपूर्वी झालेल्या करारांत ठरून गेलेला असतो. कोळसा उद्या निम्म्यावर आला तरी त्या करारांवरचं एक अक्षर बदलत नाही.

## आधी बिल उलगडून बघू

महावितरणच्या बिलावर आपण 'देय रक्कम' आणि 'अंतिम तारीख' एवढंच वाचतो. मधला तपशील पाच ओळींचा असतो. स्थिर आकार म्हणजे जोडणी आहे म्हणून द्यायचे पैसे. महिनाभर घराला कुलूप असलं तरी ते लागतात. वीज आकार म्हणजे वापरलेल्या युनिटचे. वहन आकार म्हणजे महावितरणच्या तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचे. इंधन समायोजन आकार म्हणजे इंधन आणि वीजखरेदीचा खर्च मंजूर अंदाजापेक्षा वर-खाली झाला तर त्याचा फरक. आणि या सगळ्यावर राज्य सरकारचं १६ टक्के वीज शुल्क.

आकडे घालून बघू. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिट ४ रुपये ७१ पैशांनी होती आणि १०१ ते ३०० युनिटांना दर होता १० रुपये २९ पैसे. वहन आकार युनिटमागे १ रुपया १७ पैसे, सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये. जुलै २०२५ पासून नवं दरपत्रक आलं आणि आकडे बदलले, पण मांडणी तीच आहे.

हिवाळ्यात ९० युनिट वापरणाऱ्या घराचं बिल, इंधन समायोजन बाजूला ठेवलं तर, ७६२ रुपये होतं. त्याच घरात उन्हाळ्यात कूलर लागला आणि वापर १५० युनिट झाला, की बिल होतं १,४९५ रुपये. वापर दीडपट-पावणेदोनपट, बिल जवळपास दुप्पट. वाढलेली ६० युनिटं करासकट प्रत्येकी सव्वाबारा रुपयांना पडली. बिल बघून डोळे पांढरे होतात त्यातला मोठा भाग हा असा शंभरीच्या उंबरठ्याचा असतो. त्याला कोळसा जबाबदार नाही आणि मीटरही बहुतेक वेळा नाही.

हे १५० युनिटांचं, १,४९५ रुपयांचं बिल लक्षात ठेवा. पुढे तेच वापरायचं आहे.

## दीपनगरच्या कोळशाचा भाव ऑस्ट्रेलियात ठरत नाही

पेपरात 'कोळसा घसरला' असं येतं तेव्हा तो भाव सहसा ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदराचा असतो. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये तो टनाला ४०० डॉलरच्या वर गेला होता आणि २०२३ च्या मध्यापर्यंत १५० डॉलरच्या खाली आला. घसरण मोठीच.

पण भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसा बहुतांशी देशातला. विदर्भात खाणी असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी आणि कोल इंडियाच्याच इतर खाणी. त्यांचा भाव कंपनी स्वतः जाहीर करते. जगात कोळसा तिपटीने वाढला तेव्हा आपला कोळसा तिपटीने वाढला नव्हता. म्हणून जगातला उतरला तेव्हा आपलाही उतरेल हे गणित लागू पडत नाही. उलट न्यूकॅसलचा भाव कोसळत असतानाच, ३१ मे २०२३ पासून कोल इंडियाने वरच्या प्रतींच्या कोळशाचा दर ८ टक्क्यांनी वाढवला.

खाणीवरचा भाव ही तर फक्त सुरुवात. चंद्रपूरकडून भुसावळपर्यंत रेल्वेचं अंतर चारशे किलोमीटरहून जास्त. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरून तासाला ३५० टन आणि दिवसाला ८,४०० टन कोळसा जळतो. म्हणजे रोज दोनाहून जास्त मालगाड्या, एका संचासाठी. दीपनगरला ५०० चे असे दोन संच आहेत, एक जुना २१० चा, आणि आता ६६० मेगावॉटचा नवा. भुसावळ स्टेशनात पॅसेंजर बाजूला उभी करून कोळशाचा रेक पुढे काढताना ज्यांनी बघितलाय त्यांना या आकड्यांचं नवल वाटणार नाही. त्या प्रत्येक वाघिणीचं भाडं आपल्या युनिटात असतं, आणि न्यूकॅसलला काय चाललंय याच्याशी रेल्वेच्या भाड्याला काही देणंघेणं नाही.

शिवाय राज्याची रॉयल्टी आणि करही आहेत. २०१६ पासून टनाला ४०० रुपये उपकर होता, कोळसा दोन हजारांचा असो की पाच हजारांचा. २२ सप्टेंबर २०२५ ला तो गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टनाला २,००० रुपये भावाच्या कोळशावर आधी ५०० रुपये कर पडायचा, आता ३६० पडतो. साध्या प्रतीच्या कोळशाला हा फायदा. टनाला साधारण ३,१०० रुपयांच्या वरचा कोळसा मात्र उलट महागला.

आता मूळ प्रश्नाला हात घालू. समजा खाणीवर २,००० रुपयांचा कोळसा १० टक्क्यांनी उतरला, म्हणजे टनाला २०० रुपये. किलोला २० पैसे. युनिटला ७०० ग्रॅम लागतात, म्हणून केंद्राच्या दारात युनिटमागे १४ पैसे वाचले. पण तारेतली सगळी वीज कोळशाची नसते. समजा १०० पैकी ६० युनिटं कोळशाची. मग सरासरीत वाचले साडेआठ पैसे. वाटेतल्या गळतीचा हिशोब धरला तर ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या युनिटमागे झाले १० पैसे. १५० युनिटांचे १५ रुपये, त्यावर वाचलेलं वीज शुल्क मिळवून १७ रुपये.

कोळसा दहा टक्के उतरला आणि १,४९५ रुपयांचं बिल झालं १,४७८. तेही हा सगळा फायदा वाटेत न अडता आपल्यापर्यंत आला तर.

## न जळलेल्या कोळशाचेही पैसे

वीज केंद्राला पैसे दोन भागांत दिले जातात. एक क्षमता आकार: केंद्र उभारण्याचं कर्ज, व्याज, घसारा, देखभाल, कर्मचाऱ्यांचे पगार आणि मालकाच्या भांडवलावरचा परतावा. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या नियमांत औष्णिक केंद्रांसाठी हा परतावा साडेपंधरा टक्के आहे. दुसरा ऊर्जा आकार, म्हणजे प्रत्यक्ष जळलेल्या इंधनाचे पैसे.

खान्देशातल्या शेतकऱ्याला हे सांगायला वेळ लागत नाही, कारण त्याच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, असतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), काही गावांत पाडव्याला, सालाची रक्कम ठरते. पाऊस लांबला, पंधरा दिवस वावरात काम निघालं नाही, म्हणून ती कमी होत नाही. बियाणं-खताचा खर्च मात्र जेवढा पेरा तेवढाच. क्षमता आकार म्हणजे सालाची रक्कम, ऊर्जा आकार म्हणजे बियाणं-खत. बियाणं स्वस्त झालं म्हणून सालदाराचं साल कमी करा असं कुणी म्हणत नाही.

फरक इतकाच की सालदाराचा करार वर्षाचा असतो, वीजखरेदीचा सहसा पंचवीस वर्षांचा. केंद्र चालायला तयार आहे एवढं दाखवलं की क्षमता आकार मिळतो, मग आपण त्याची वीज घेवो वा न घेवो. कुणाची वीज घ्यायची ते रोज ठरतं, आणि ज्याचा इंधनखर्च कमी त्याचा नंबर आधी लागतो. चंद्रपूर, कोराडीसारखी खाणींजवळची केंद्रं या रांगेत पुढे. लांबून कोळसा आणणाऱ्या केंद्रांतले जुने संच मागे, आणि मागणी पडली की तेच आधी बंद होतात. बंद काळातलं त्यांचं साल चालूच राहतं, आणि ते भरतात ग्राहक.

माझ्या मते बिल चढं राहण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. भारनियमनाच्या काळात, दिवसाचे दहा-बारा तास लाईट जायची तेव्हा, आपण सगळ्यांनीच ओरडून सांगितलं की वाटेल ते करा, वीज आणा. वीज आली. तिची पंचवीस वर्षांची चिठ्ठीही सोबत आली.

## चढ लगेच, उतार सावकाश

वीजदर महावितरण स्वतः ठरवत नाही. २००३ च्या वीज कायद्याखाली महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, तोही काही वर्षांचा एकत्र. त्यात पुढच्या खर्चाचा अंदाज असतो. प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा वाढला, तर त्यातला इंधन आणि वीजखरेदीचा भाग इंधन समायोजन आकारातून बिलात येतो. उरलेली तूट पुढच्या फेरआढाव्यात हिशोबाला लागते. त्या तुटीवर व्याजही धरलं जातं.

२०२२ चा उन्हाळा आठवा. कोळशाची टंचाई झाली आणि आयात कोळसा मिसळायला केंद्र सरकारने सांगितलं. तो तेव्हाच्या महाग भावाने आला. जुलै २०२२ मध्ये इंधन समायोजन आकार जाहीर झाला: शंभर युनिटांपर्यंत ६५ पैसे, १०१ ते ३०० साठी १ रुपया ४५ पैसे, त्यावर आणखी जास्त. काही महिन्यांपुरता म्हणून आला. पण त्या वर्षीचा जो खर्च त्यातूनही भरून निघाला नाही, तो पुढच्या वर्षांच्या दरात शिरला.

म्हणून कोळसा स्वस्त झाला की वाचलेल्या पैशातून आधी जुनी उधारी फिटते, मग काही उरलं तर आपल्याला. 'भाव वाढला की लगेच वाढवतात, उतरला की गप्प बसतात' ही तक्रार दिसतं ते बरोबर सांगते. फक्त गप्प बसलेल्या काळात मागची बाकी वळती होत असते.

इथे महावितरणला सगळं माफ आहे असं नाही. तूट का झाली, वसुली का झाली नाही, महाग वीज कुणाच्या चुकीने घ्यावी लागली, हे आयोगाने कठोरपणे तपासायला हवं. कायद्याने दरवाढीच्या प्रस्तावावर कुणीही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो. हरकती येतात त्या मुख्यतः उद्योगांच्या संघटनांच्या आणि मोजक्या जागरूक लोकांच्या. घरगुती ग्राहक बिल आल्यावर बोलतो, दर ठरताना नाही.

## साक्रीचा वारा फुकट, मग पैसे कशाचे?

धुळे जिल्ह्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा, १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. ना कोळसा, ना रेल्वेचं भाडं.

इंधन फुकट असतं तिथे जवळजवळ सगळा खर्च आधीच, उभारणीच्या दिवशी होऊन गेलेला असतो. म्हणून त्या विजेचा दर त्या दिवशीच गोठतो. २००३ मध्ये आयोगाने पवन विजेला युनिटमागे साडेतीन रुपये आणि दर वर्षी १५ पैसे वाढ, असं तेरा वर्षांसाठी ठरवून दिलं. सौर विजेचं तर विचारू नका. २०१० मध्ये केंद्रीय आयोगाने ठरवलेला तिचा दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत नवव्या हिश्श्यावर! पण सुरुवातीला ज्यांनी महागात करार केले त्यांचे करार चालूच आहेत. आजचा स्वस्त भाव फक्त आज उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाला लागतो.

हेच करार दुसऱ्या बाजूने आपल्या कामी येतात हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये कोळसा आकाशाला भिडला तेव्हा साक्रीच्या ऊन-वाऱ्याचा दर त्यापायी एक पैशानेही हलला नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. सौर वीज दुपारी भरपूर. वीज बाजारात, म्हणजे जिथे कंपन्या रोजच्या रोज वीज विकत घेतात तिथे, दुपारी ती दोन-तीन रुपयांनाही मिळते. संध्याकाळी सातला सूर्य गेलेला असतो, घरोघरी दिवे, टीव्ही, कूलर चालू असतात आणि उन्हाळ्यात हाच भाव १० रुपयांच्या सरकारी कमाल मर्यादेला जाऊन थांबतो. आपण वीज वापरतो ती मुख्यतः तेव्हा. म्हणजे पेपरातला स्वस्त सौर दर दुपारचा आणि आपली गरज रात्रीची. जुलै २०२५ च्या दरांत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेवर घरगुती ग्राहकाला युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत ठेवली आहे ती याचसाठी. पण ती वेळेनुसार मोजणारा मीटर असेल तरच मिळते. नोकरदाराचं घर दुपारी बंद असतं, त्याला तिचा किती उपयोग हा प्रश्न उरतोच.

## "राख आम्ही खायची, दर मात्र सगळ्यांना सारखा?"

भुसावळ तालुक्यात हे हमखास ऐकू येतं. वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्यावरून उन्हाळ्यात वारं सुटलं की वाळत घातलेल्या कपड्यांवर थर बसतो. मग वीज इथे स्वस्त का नको?

विजेला गावाचा पत्ता नसतो. दीपनगरची वीज राज्याच्या जाळ्यात जाते, आणि भुसावळच्या घरात येते ती त्याच जाळ्यातून, कुठली ते ओळखता येत नाही. महावितरणचा दर तिच्या सगळ्या क्षेत्रात एकच आहे. तो गावागावाच्या खर्चाप्रमाणे लावला तर सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर डोंगर चढून तार नेण्याचा खर्च त्या पाड्याकडूनच घ्यावा लागेल, आणि तिथे वीज परवडणार नाही. राखेची भरपाई मागायलाच हवी. धूळ आटोक्यात ठेवणं हे वीज केंद्राचं काम आहे आणि ते वेगळं मागावं. युनिटच्या दरात ती शोधली तर दोन्ही प्रश्न रखडतात.

## शेतकऱ्याची फुकट वीज आणि आकडेवाले

आता सगळ्यात तापलेला आक्षेप. 'शेतीपंपांना फुकट, म्हणून आमच्यावर बोजा.'

यात दोन पैसे वेगवेगळे आहेत. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत वीज देणारी योजना आहे. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. त्यांच्या बिलाचे पैसे सरकारने तिजोरीतून महावितरणला द्यायचे असतात. तो बोजा करदात्यावर आहे, तुमच्या युनिटवर थेट नाही. सरकारचे पैसे उशिरा आले की महावितरण कर्ज काढते आणि त्याचं व्याज मात्र फिरून दरात येतं.

दुसरा पैसा क्रॉस सबसिडीचा. शेती आणि कमी वापराच्या घरांना सरासरी खर्चापेक्षा स्वस्त दर लावायचा आणि उद्योग, दुकानं, जास्त वापराची घरं यांना महाग. तुमचं शंभराच्या आतलं युनिट स्वस्त आहे ते यामुळेच, आणि शंभरानंतरचं महाग आहे तेही यामुळेच. राष्ट्रीय दरधोरण म्हणतं की कुठलाही दर सरासरी खर्चाच्या वीस टक्के वर-खाली असावा. प्रत्यक्षातलं अंतर त्याहून खूप मोठं राहिलं आहे. आणि हा खिसा आटतोय: जळगावच्या एमआयडीसीतली डाळमिल किंवा चटईचा कारखाना छतावर सौर पॅनेल बसवतो, तेव्हा त्याच्याकडून येणारा जादा पैसा कमी होतो आणि उरलेल्यांवर सरकतो.

फुकट म्हणताना शेतकऱ्याला काय मिळतं तेही बघावं. रात्रपाळीच्या आठवड्यात केळीला पाणी द्यायला रात्री दोनला वावरात जायचं, साप-विंचू, अलीकडे बिबट्याची भीती. रावेर-यावलकडे पाणी इतकं खोल गेलंय की कित्येकांच्या मोटारी साडेसातच्या वरच्या, म्हणजे ते योजनेतही बसत नाहीत. आता शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर नेण्याची योजना चालू आहे. तिचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो आणि वीज दिवसा मिळते. ती नीट झाली तर शेती आणि घर दोघांचाही भार हलका होण्याची शक्यता मला इथेच सगळ्यात जास्त दिसते.

तारेवर आकडे टाकणाऱ्यांचं म्हणाल तर चोरी खरी आहे. १०० युनिट विकत घेतली आणि ८५ चेच पैसे आले तर पाच रुपयांचं युनिट पाच रुपये अठ्ठ्याऐंशी पैशांना पडतं. पण ही सगळी गळती आकडेवाल्यांची नसते. लांबलेल्या जुन्या तारा, झेपेना इतका भार टाकलेली डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर), सडलेले जोड यांतही वीज उष्णता होऊन जाते. उन्हाळ्यात डीपी जळाली की गाव वर्गणी काढून ऑइल भरतं, त्या गावाला हे सांगायला नको.

## सिलिंडरचं गणित उलटंच

गॅसकडे एक नजर टाकू, कारण तिथे हा खेळ उघडा दिसतो. आपण निम्म्याहून जास्त गॅस आयात करतो आणि त्याचा भाव सौदी अरेबियाच्या दराला बांधलेला आहे. जुलै २०२३ मध्ये तो टनाला ३८५ डॉलर इतका खाली होता. तेव्हा दिल्लीत घरगुती सिलिंडर होता १,१०३ रुपयांना. फेब्रुवारी २०२५ मध्ये सौदीचा भाव चढून ६२९ डॉलर झाला आणि दिल्लीत सिलिंडर होता ८०३ ला!

मधे २०० आणि १०० रुपयांच्या दोन कपाती झाल्या होत्या, पहिली ऑगस्ट २०२३ मध्ये, दुसरी लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर मार्च २०२४ मध्ये. एप्रिल २०२५ ला ५० रुपये वाढ झाली. तोट्यात विकलेल्या गॅसपोटी ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने सरकारी तेल कंपन्यांना ३०,००० कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे भाव चढला तेव्हा आपल्याला पूर्ण झळ लागली नाही, पुढे उतरला तेव्हा पूर्ण गारवाही मिळणार नाही. सिलिंडरची किंमत सौदीच्या भावाइतकीच सरकारच्या कॅलेंडरवर ठरते. पेट्रोलमध्ये तर २०१४ ते २०१६ या काळात कच्चं तेल कोसळत असताना उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं गेलं. घसरण वाटेत गिळली जाते म्हणालो ते हेच; विजेपेक्षा इंधनात ती जास्त गिळली जाते.

## मग बिल कशाने उतरेल?

कोळशाच्या भावाने फारसं नाही. जुन्या महाग करारांची मुदत संपणं, नव्या स्वस्त सौर विजेला बॅटरीची जोड मिळून ती संध्याकाळी सातला वापरता येणं, आणि गळती कमी होणं, या तीन गोष्टींनी उतरेल. तिन्ही सावकाश होणाऱ्या आहेत.

घरापुरतं बघायचं तर आधी शंभराची रेघ सांभाळा. वापर ९५ ते ११० च्या मधे घुटमळत असेल तर एक जुना पंखा किंवा साधे बल्ब बदलणंही दिसण्याइतका फरक पाडतं, कारण शंभरानंतरची युनिटं जवळपास दुप्पट महाग आहेत. रीडिंग वेळेवर झालं का तेही बघा. दोन महिन्यांचं एकत्र आलं असेल तर स्लॅबचा, म्हणजे शंभराच्या आतल्या स्वस्त टप्प्याचा, लाभ दोन महिन्यांचा मिळाला का ते तपासा; मिळाला नसेल तर तक्रार करून दुरुस्ती मागता येते.

छत स्वतःचं असेल तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. खान्देशासारखं ऊन असलेल्या भागात ३ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास देतो, म्हणजे १५० युनिटांच्या घराला तो मोठाच झाला. २ चा पुरतो. पॅनेल धुवायला मात्र विसरू नका, विशेषतः भुसावळकडे. आणि महिन्याचं युनिट शून्य आलं तरी स्थिर आकाराची ओळ बिलावर राहतेच.